वाचून दाखवले, समजले

बुकोबाच्या न्यायालयासमोर, फोटोकॉपीच्या टपरीत
मी लोकांची भांडणं टाइप करतो.
पानाला पाचशे शिलिंग, दुरुस्ती फुकट.

मा कोकुतोना सकाळच्या बसने आली होती,
मांडीवर केळीच्या पानात बांधलेले तळलेले नाकतोडे
आणि डोक्यात सगळा किबांजा:
कॉफीची झाडं एक्केचाळीस, केळी कोण मोजतं,
पश्चिमेला नवऱ्याची कबर,
पूर्वेला ओमुलामुलाची रांग.
आमच्याकडे हद्दीवर हेच झाड लावतात,
त्याच्या नावातच निवाडा आहे.
कलम खोचलं की जगतं.
उपटून दोन हात अलीकडे खोचलं तरी जगतं.
बिटेगेकोने, दिराच्या मुलाने, तेच केलं.
एका रात्रीत नाही; तीन वर्षांत, हळूहळू,
म्हातारपणी माणूस बुटका होतो तसं.

अर्ज इंग्रजीत. शपथ स्वाहिलीत. म्हातारी हाया बोलते.
म्हणून मी तो वाचून दाखवला, दोनदा,
जाकारांडाच्या सावलीत, एकेक परिच्छेद.
चौथ्याला तिने थांबवलं:
"चाळीस का लिहिलंस? एक्केचाळीस.
एक वाळलंय म्हणून ते त्याचं होत नाही."
मी चाळीसचं एक्केचाळीस केलं.
तिने अंगठा उठवला, शाई कांग्याला पुसली.
शपथ आयुक्ताने शिक्का मारला, तारीख घातली, चहा मागवला.

तळाची एक ओळ राहिली.
अर्जदारास वाचता येत नाही;
मजकूर तिला तिच्या भाषेत वाचून दाखवला, तिला तो समजला.

सुनावणीला वकील कागारुकी उठले.
जमिनीबद्दल अवाक्षर नाही.
पान सात, म्हणाले, अगदी खाली.
अंगठा आहे; अंगठ्याला काय ठाऊक होतं
ते कागद सांगत नाही.
न्यायमूर्तीबाईंनी चष्मा सरळ केला, पान सात पाहिलं.
नकाशा पान आठवर होता.

मी मागच्या बाकावर.
मीच वाचला होता, चुकत, सावरत,
"प्रतिवादी"ला हायात शब्द न सापडून
"तो" म्हणत.
पण मी पक्षकार नाही, साक्षीदार नाही,
मी पानाला पाचशे शिलिंग.

अर्ज फेटाळला नाही, काढून टाकला.
यात फरक आहे.
फेटाळला म्हणजे दार बंद;
काढून टाकला म्हणजे दार उघडं, तू बाहेर.
पुन्हा ये. मात्र मुदत टळली आहे,
तेव्हा आधी मुदत वाढवून मागायचा अर्ज,
त्याला वेगळं कलम
(हे कलम एका आकड्याने मरतं),
वेगळं शपथपत्र,
आणि उशिराचा हिशेब, दिवसादिवसाचा.

"जमिनीचं काय म्हणाल्या?" तिने पायरीवर विचारलं.
जमिनीपर्यंत पोचल्याच नाहीत, मा.
"बसने सव्वा तास तर लागतो," ती म्हणाली.

ओळ माझ्याकडून राहिली, हे मी अजून सांगितलेलं नाही.
तिने नाकतोड्यांची पुडी माझ्या टेबलावर ठेवली
आणि दिवस सांगायला बसली:
सोमवारी गुडघा. मंगळवारी बसभाडं नव्हतं.
बुधवारी आले होते, तुझ्याकडे वीज नव्हती.
गुरुवारी झाडं मोजली. शुक्रवारी परत मोजली.

या वेळी ती ओळ मी सगळ्यात आधी टाइप केली,
वरचं पान कोरं असताना.
"वाच," ती म्हणाली.
वाचली: मजकूर तिला तिच्या भाषेत
वाचून दाखवला, तिला तो समजला.

तिने कोऱ्या पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"कोणता?"